मामांच्या कानांची साक्ष

मामा, आज दुपारी मी तुमचं मशीन लावलं. टीव्ही लावला नाही, नुसतं मशीन. पुढचा हिरवा दिवा लागला, जरा वेळाने स्पीकरच्या जाळीतून ती बारीक घूं यायला लागली, आणि मी फरशीवर बसून तिला कान लावला. मामी आत आडवी झाली होती. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. प्रत्येक ट्रॅक्टर गेला की खिडकीचं एक तावदान थोडा वेळ थरथरायचं आणि थांबायचं. हवेत मळीचा गोडसर, आंबूस वास होता. डोळे मिटले तर वर्ष कुठलं ते कळेना. मी दहा वर्षांची असू शकले असते आणि तुम्ही मागच्या खोलीत सोल्डर तापवत बसलेले असू शकला असता. त्या घूंमध्ये मला वाटत राहिलं की तुम्ही आहात, फक्त बटण अगदी खाली आहे.

तुम्ही गेल्याला सव्वा महिना झाला. या दिवसांत पुष्कळ लोक तुमच्याविषयी बोलले आणि मी ऐकत राहिले. ऐकणं मला जमतं. मला मात्र तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ती तुमच्या कानांची गोष्ट आहे. तुम्ही ती सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगितली होती. पण तुम्ही सांगितलीत तशी ती घडली नव्हती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

ॲम्प्लिफायरला तुम्ही कधी ॲम्प्लिफायर म्हटलं नाही. मशीन. सोनईच्या एसटी स्टँडजवळचं तुमचं दुरुस्तीचं दुकान बंद झालं तेव्हा तुम्ही शेवटचं, स्वतः जोडलेलं मशीन आणि प्लायवूडच्या खोक्यांतले दोन स्पीकर घरी आणले, आणि मामीने देव्हारा नसलेल्या आपल्या घरात त्यांच्यासाठी देव्हाऱ्याएवढी जागा केली. तेव्हा मी सुट्टीला नगरहून आले होते. तुम्ही मशीन लावलं आणि बटण जवळजवळ बंद होईल इतकं खाली आणलं. मी विचारलं, एवढं हळू का? तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं समदेच वाजत्यात. हळू वाजंल ते मशीन."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी वर्गात इतकं हळू बोलायचे की बाई मला उत्तर दोनदा द्यायला लावायच्या. तुम्ही मात्र मी काही पुटपुटले की हवेत अंगठा आणि दोन बोटं धरून एक बटण फिरवायचात. "मॅडम, तुमचा आवाज दोनवर हाय. जरा चारवर घ्या." मी चारवर घ्यायचे. जगात तेवढ्या एका माणसापुढे मला ते जमायचं.

आणि इंग्रजी. तुम्ही कुठल्याही वस्तूचं माहितीपत्रक टाकलं नाही, पण एकही वाचलं नाही. ती कामं माझ्या सुट्टीची वाट पाहत थांबायची. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचायचे, मग जमेल तसं मराठीत सांगायचे, आणि तुम्ही माझं सांगून व्हायच्या आत ओळखायचात. "कळलं. गरम होऊ देऊ नका म्हनतोय." तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "इंग्लिश हिचं, मशीन माझं. दोघांचं मिळून येक दुकान." दुकान नव्हतं तेव्हाही तुम्ही हे सांगायचात.

तर नवा टीव्ही आला. भिंतीला टेकवण्याइतका पातळ. तुम्ही त्याचा आवाज ऐकलात आणि म्हणालात, "डब्यात मानूस कोंडलाय." त्याच संध्याकाळी टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर निघून मशीनच्या पाठीत गेली, आणि डब्यातला माणूस बाहेर येऊन खोलीत उभा राहिला. मालिकेतल्या बाईच्या बांगड्या वाजल्या की मामी आपल्या हाताकडे बघायची.

टीव्हीचा स्वतःचा आवाज तुम्ही वीसवर ठेवलात आणि रिमोटवरच्या त्या बटणाला चिकटपट्टी लावून टाकलीत. फार खाली ठेवला तर मशीनची घूं वर येते, फार वर ठेवला तर आवाज फाटतो, म्हणून वीस. बाकीचं सगळं मशीनच्या बटणावर. "येका आवाजाला दोन मालक नसावेत," तुम्ही म्हणालात.

मामी म्हणाली, "घराला तरी कुटं दोन हायेत?"

बटणाभोवती तुम्ही पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या होत्या. एक बातम्यांची, एक मालिकांची, एक जुन्या सिनेमांची, कारण प्रत्येक चॅनलचा आवाज वेगळा. जाहिरातींना मात्र रेघ नव्हती. जाहिरातीसाठी तुमचा हात होता. मालिकेतलं कुणी अगदी हळू काही सांगत असायचं, आपण सगळे पुढे झुकलेले असायचो, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणायचात, "आली." बटण खाली. मग एका क्षणाने साबण, मसाला, टायर, सगळे ओरडत यायचे आणि तुमच्या हाताखालून मुकाट्याने निघून जायचे. मी विचारलं होतं, कसं कळतं? तुम्ही म्हणालात की जाहिरात यायच्या आधी एक फट असते. पापणी लवण्याएवढी. तिच्यात काहीच नसतं, साधी खरखरसुद्धा नसते. मी कितीदा ऐकायचा प्रयत्न केला. मला ती फट कधी सापडली नाही. आता वाटतं, तुम्ही ऐकत होता ते मुळात आवाजच नव्हते.

रविवारी तोच हात आपल्या देवळात असायचा, माझ्या शाळेतली माणसं ज्याला चर्च म्हणतात तिथे. वेदीच्या डावीकडे, खांबाला लागून, तिथल्या मशीनजवळची ती लोखंडी खुर्ची. पाळकसाहेब प्रार्थना करताना आवाज इतका खाली नेतात की पुटपुटणंच राहतं, आणि उपदेशात पापाचा विषय निघाला की पहिल्या बाकावरची लेकरं रडायला लागतील इतका वर. तुमच्या बटणामुळे प्रार्थना शेवटच्या बाकापर्यंत पोचायची आणि लेकरं झोपलेली राहायची. कुणाला ते कळायचंही नाही. उपासना संपली की माणसं पाळकसाहेबांना सलाम करून म्हणायची, आज छान बोललात. तुम्ही वायर गुंडाळत असायचात. मी बघायचे की तुम्ही हसता आहात.

मग तुमचा उजवा खांदा आखडला. रक्तातल्या साखरेमुळे होतं, असं कुणी म्हणालं. हात वर जायचा, पण उशिरा. तुम्ही "आली" म्हणायचात, आणि ती येऊन जायची, मग हात पोचायचा. एका शनिवारी मी तिथेच होते. मामी गरम आमटीचं पातेलं घेऊन येत होती, टीव्हीवर एक म्हातारा मरताना काहीतरी सांगत होता, आणि एकदम गाडीची जाहिरात फुटली. पातेलं हललं. मामीच्या पायावर पडलं ते फार नव्हतं. पण ती खाली बसली आणि तुम्ही बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिलात, तिच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्हीचं माहितीपत्रक काढलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं. त्यात एक सोय होती. ऑटो व्हॉल्यूम. हळू असेल ते वर घेते, मोठं असेल ते खाली दाबते.

"म्हंजे कुजबुजलं तरी तेवढंच आन वरडलं तरी तेवढंच?"

"साधारण तसं."

"मग ऐकायचं काय?"

"मामा, मामीचा पाय भाजला."

"त्ये मला दिसतंय." तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. "पन जाऊ दे. मानसाचा लहान-मोठा आवाज टीव्हीनं ठरवायचा म्हंजे काय? त्यो काय पाळक हाय का?"

मी म्हणाले की हेच तर तुम्ही हाताने करता. तुम्ही माझ्याकडे वळलात. तुम्हाला राग फारसा यायचा नाही, पण तेव्हा आला होता. तुम्ही म्हणालात, "हात ऐकतो, पोरी." आणि उठून गेलात.

हा वाद आपला तिथेच राहिला. मला त्यानंतर बरीच उत्तरं सुचली. काही चांगली होती.

तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी रिमोट घेतला. मेन्यू उघडला, आतला मेन्यू उघडला, त्याच्या आतला. सगळं इंग्रजीत. तुम्ही तिथे कधी येणार नव्हतात. मी ती सोय चालू केली. मामीच्या पायाला लावलेली हळद मला दिसत होती आणि मला वाटलं, मी बरोबर करते आहे. अजूनही अर्धं तसंच वाटतं. पण ज्या इंग्रजीचं तुम्ही दुकान मांडलं होतं, तीच मी तुमच्या नकळत वापरली. पाण्याचा आवाज थांबायच्या आत रिमोट जागेवर होता.

मामी खूश झाली. पुढच्या खेपेला मला म्हणाली, "हल्ली चॅनलवाल्यांना अक्कल आलीया बघ. दचकवत न्हाईत."

तुमचा हात अजून जायचा. "आली" म्हणून तुम्ही बटण खाली आणायचात, आणि टीव्हीने आधीच दाबलेली जाहिरात ऐकूच येईनाशी व्हायची. मग तुम्ही बटण वर घ्यायचात, आणि ते जरा जास्त व्हायचं. पेन्सिलीच्या रेघा खोट्या पडल्या. तुमचा हात आणि तुमचा कान यांच्यातली गाठ सुटली. मी सोफ्यावर पुस्तक धरून बसले होते आणि हे सगळं बघत होते. तुम्ही मशीन दोनदा उघडलंत. पुसलंत, सोल्डरचे टाके तपासलेत, परत बंद केलंत. मशीनमध्ये दोष नव्हता.

मग तुम्ही नगरला आलात. मी काम करते त्या शाळेच्या वाचनालयाच्या दाराशी उभे राहिलात, हातात पिशवी, आणि म्हणालात, "मॅडम, मला कानाच्या डॉक्टरकडं ने. तितं इंग्लिश बोलावं लागंल."

इंग्रजी लागलं नाही. नुसतं बसावं लागलं. आपण बाकड्यावर शेजारी बसलो होतो, समोर भिंतीवर कानाच्या आतलं चित्र होतं, गोगलगाईसारखं. तुम्ही बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "तू त्या टीव्हीत त्ये कायतरी हुतं त्ये लावलं न्हाईस ना?"

मी म्हणाले, "नाही."

मामा, मी तो क्षण पुष्कळ वेळा उलटून पाहिला आहे. तुमच्या आवाजात आरोप नव्हता. उलट, माझ्याकडून 'हो' ऐकायला मिळावं अशी आशा होती. मी हो म्हणाले असते तर तुम्ही मोठ्याने हसला असता आणि आपण समोरच्या गाड्यावर उसाचा रस पिऊन घरी गेलो असतो. मला ते तेव्हाही कळलं होतं. तरी मी नाही म्हणाले, कारण चोरी पकडली गेली की मी लहानपणापासून आधी नाही म्हणते. आणि तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. मान हलवलीत. "मग कानच," म्हणालात.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. तुम्ही त्यातला एकच शब्द ऐकलात, वय.

पुढच्या रविवारी तुम्ही देवळात बटणाबाबत कचरलात. आधी वर, मग खाली, मग फार वर, आणि कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की कबुतरं उडाली. त्या दिवशी वायर गुंडाळून झाल्यावर तुम्ही मशीन ठेवायच्या खोलीची किल्ली पाळकसाहेबांच्या हातात दिलीत. मामीने मला हे फोनवर सांगितलं. "म्हनले, ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं तितं बसू नये." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मधली सुट्टी होती, आणि दोनशे मुलांचा गलका माझ्या एका कानातून जात होता.

त्या महिन्यांत मी जेव्हा जेव्हा आले तेव्हा संध्याकाळी टीव्ही बंद असायचा. तुम्ही स्वयंपाकघरात, ओट्याजवळ, स्टुलावर बसलेले असायचात. मशीनवर मामीने विणलेला रुमाल टाकला होता. मी आले की तुम्ही उठून बाहेर यायचात, विचारपूस करायचात, पण हवेत बटण फिरवायचा नाहीत. मी हळू बोलले तर पुढे झुकून म्हणायचात, "काय म्हनलीस?" आणि मला वाटायचं, सांगावं. आत्ता. हे ताट झालं की. हा चहा झाला की. उद्या निघायच्या आधी.

याच दिवसांत मला एक स्वप्न पडलं होतं, वाचनालयात, दुपारी डोळा लागला तेव्हा. सोनईचा बाजार भरला होता. मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज, एसटीचा हॉर्न, मामीची हाक, चिमणीचं पंख झटकणं, सगळे आवाज एकाच उंचीचे होते. कापलेल्या गवतासारखे. त्यातून तुम्ही चालत होता, हात पुढे करून, बटण शोधत. मी तुम्हाला हाक मारली आणि माझी हाकही त्या सगळ्यांच्या एवढीच निघाली. तुम्ही शेजारून निघून गेलात.

तुम्ही किल्ली दिलीत त्यानंतर चार महिन्यांनी मी ती सोय बंद केली. सांगायचं धाडस झालं नाही, पण बंद करायचं झालं. मला वाटलं, जसं गुपचूप गेलं तसं गुपचूप परत येईल. रविवार होता. मामीने बातम्या बघायला रुमाल बाजूला करून टीव्ही लावला होता, तुम्ही दारात वर्तमानपत्र वाचत होता. बातम्या संपता संपता साबणाची जाहिरात फुटली. तुम्ही दचकलात. वर्तमानपत्र खाली पडलं. तुम्ही वळून मशीनकडे पाहिलंत, मग मामीकडे, मग माझ्याकडे. तुम्ही म्हणालात, "ऐकलं का?" आणि आत येऊन बटणावर हात ठेवलात. पुढची जाहिरात यायच्या आधी तुम्ही म्हणालात, "आली."

मी तेव्हा रडले. तुम्हाला वाटलं आनंदाने. तो आनंदही होताच.

पण मला कुठे ठाऊक होतं की तुम्ही साक्ष द्याल. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला प्रभूने केलेल्या उपकारांची साक्ष द्यायची आहे? आणि तुम्ही उठलात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या साक्षींचा आवाज सांभाळणारे तुम्ही, पहिल्यांदा माइकपुढे. मी तिसऱ्या बाकावर होते. तुम्ही म्हणालात, "माझे कान गेल्ते. भाचीनं डॉक्टरकडं नेलं, औषिद नव्हतं. मी मशीन दुसऱ्यावर सोडलं. मनात म्हनलं, प्रभू, तुझी मर्जी. आन गेल्या रव्वारी, टीव्हीवर साबनाची जाहिरात चालली असताना, माझे कान उगडले." कोणीतरी हसलं. तुम्हीही हसलात. "जाहिरातीतून देव बोलला असं मी म्हनत न्हाई. पन तिनं मला दचकिवलं. आन दचकता येनं ही बी देनगीच हाय."

सगळे आमेन म्हणाले. मी मान खाली घातली. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी प्रार्थना करते आहे.

त्यानंतर कसं सांगणार होते? आधी सांगितलं असतं तर फक्त माझी लबाडी उघडी पडली असती. आता तुमची साक्ष खोटी पडली असती, माझ्या रिमोटमुळे, सगळ्या मंडळीसमोर. तुम्ही परत त्या लोखंडी खुर्चीत बसलात, सात महिने बसलात, आणि तुमचा हात पूर्वीपेक्षा हलका झाला होता. खांदाही जरा सुटला होता. त्या सात महिन्यांत मी तुम्हाला जितकं सुखी पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, राहू दे. पण मी देवळात असेन त्या रविवारी तुम्ही बटण फिरवताना माझ्याकडे बघून किंचित मान हलवायचात, आपल्या दोघांचं काही गुपित असल्यासारखी. गुपित होतंच. ते एकट्या माझं होतं.

तुम्हाला कधी संशय आला होता का, मामा? कधी कधी मला वाटतं की आला होता, आणि ती मान हलवणं त्यासाठीच होतं. मग वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी ठरवते आहे. तुम्ही मी सांगितलेलं खरं मानत आलात, माहितीपत्रकातली ओळ असो की दुसरं काही. तेच खरं असणार.

मागच्या रविवारी तुमच्या स्मरणाची उपासना झाली. गीतं झाली. पाळकसाहेबांनी विचारलं, कोण साक्ष देईल? मामीने मला कोपर मारलं. "जा की. त्यांच्या कानाचं सांग. तूच नेलं हुतंस."

मी गेले. माइक माझ्या तोंडापेक्षा वर होता आणि तो खाली कसा करतात ते मला आठवेना. मशीन चालू होतं. सकाळी कुणीतरी बटण एका जागी लावून बाकावर जाऊन बसलं होतं, तुमच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. मी म्हणाले, "मामांचे कान कधी गेलेच नव्हते. टीव्हीचा आवाज मी एकसारखा करून ठेवला होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले." एवढंच. बारा वर्षांची असताना नाताळात मी तिथेच उभी राहून बायबलमधलं वचन वाचलं होतं, आणि तिसऱ्या शब्दापासून माझा आवाज भिंतींमधून मोठा होऊन परत आला होता, कुणी मला कडेवर उचलल्यासारखा. या वेळी मी थांबले, तसं काही होईल म्हणून. आवाज वर आला नाही. पहिल्या बाकावरची माणसं कानाशी हात नेऊन पुढे वाकली होती. मग कुणीतरी दयेने आमेन म्हणालं, आणि मग सगळे म्हणाले.

घरी आल्यावर मामी ओट्याशी पाट घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसली. पाहुणे गेले होते. ती म्हणाली, "काय बोललीस गं तितं? मागं पोचलंच न्हाई."

मी 'काही नाही' म्हणू शकले असते. तोंडात आलंही होतं. पण मी सांगितलं. पहिल्यापासून, चारवर आवाज ठेवून. तिचा भाजलेला पाय, तुमची अंघोळ, मेन्यू, डॉक्टरांच्या बाकड्यावरचं 'नाही'.

मामीचे हात थांबले नाहीत. शेंग, दाणे, टरफल. मग ती म्हणाली, "म्हंजे त्यांचे कान चांगलेच हुते."

"हो."

"आन त्ये चार म्हैने हितं स्टुलावर येऊन बसायचे, त्ये तुज्यामुळं?"

"हो, मामी."

"मला म्हनायचे, कान जायच्या आत तुझं समदं ऐकून घिऊ दे. बोल काय बी. मी म्हनलं, काय बोलू? म्हनले, म्हायारचं सांग." तिने एक कुजका दाणा बाजूला टाकला. "माझी धाकली बहीन व्हती, चार वर्साची असताना गेली. चाळीस वर्सांत त्यांनी तिचं नाव इचारलं न्हवतं. तवा इचारलं. रोज इचारायचे, आज ती काय करत हुती सांग. मी सांगायचे. लई बारीक ऐकायचे गं."

बाहेर ट्रॅक्टर गेला. तावदान वाजलं.

"मग कान आले, आन गेले परत टीव्हीपाशी." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, माफीही नव्हती. "त्ये लावलंस त्ये लावलंस. बंद कशाला केलंस?"

मामा, मी शेंगांची परात माझ्याकडे ओढली, आणि तिला तिच्या बहिणीचं नाव विचारलं.